सरोवरावरची सात मिनिटे

अमेरिकेतला दहा क्रमांकाचा हमरस्ता मिशिगन राज्यातल्या लडिंग्टन गावापाशी येतो आणि सरळ पाण्यात शिरतो. पलीकडे विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक बंदरात तो पुन्हा जमिनीवर येतो. मधे मिशिगन सरोवराचे जवळजवळ शंभर किलोमीटर पाणी. तेवढ्यापुरता हमरस्ता म्हणजे ‘बॅजर’ नावाची आगबोट. ही बोट १९५३ सालापासून इथे ये-जा करते आहे आणि अजून दगडी कोळशावर चालते. मोटारी पोटात घेते, माणसे डोक्यावर. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गेलेल्या माणसाला तिच्या धुराचा वास लागला की उगीचच भूक लागते.

सरोवर म्हणायचे म्हणून म्हणायचे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे पाचशे किलोमीटर. धक्का सोडून तासभर झाला की मागचा किनारा बुडतो आणि पुढचा अजून उगवलेला नसतो. नेमक्या त्या वेळी आमचे आप्पा कठड्याला टेकून म्हणाले, “हे बघ, इथून ती सात मिनिटे सुरू होतात.”

आप्पा म्हणजे माझे थोरले मावसभाऊ. मूळचे सांगलीचे. मिशिगनमध्ये गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी हयात काढली. आता निवृत्त झाले आहेत आणि गॅरेजमध्ये विमान बांधीत आहेत. थट्टा नव्हे. दोघांना शेजारी शेजारी बसता येईल असे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे विमान. पाच वर्षे झाली, मोटार बाहेर बर्फात उभी असते. अमेरिकेत याला सरकारची परवानगी आहे. अट एकच, की निम्म्याहून अधिक काम हौसेने, स्वतःच्या शिक्षणासाठी, हाताने केलेले असले पाहिजे. मग तपासनीस येतो, कागद देतो, आणि दाराजवळ दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘एक्स्परिमेंटल’ म्हणजे ‘प्रायोगिक’ असे रंगवावे लागते. शिवाय आत, शेजारी बसणाऱ्याच्या नजरेसमोर, हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही अशी पाटी. ती पाटी वाचायची पाळी वहिनींवर येणार होती.

तर ती सात मिनिटे. विमानाचे इंजिन बंद पडले तर ते दगडासारखे खाली येत नाही. तरंगत, घसरत येते. आप्पांचे विमान उंचीच्या साधारण दहापट अंतर असे कापील. दहा हजार फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर असलो तर तीस किलोमीटर. म्हणजे या काठापासून तीस आणि त्या काठापासून तीस किलोमीटरांपर्यंत धोका नाही. मधले छत्तीस किलोमीटर मात्र असे, की तिथून कोणताच किनारा गाठता येत नाही. तासाला तीनशे किलोमीटरांच्या वेगाने ते कापायला सात मिनिटे लागतात. खालचे पाणी जुलैतही आंघोळीला गार लागते.

“आणि त्या सात मिनिटांत वीज गेली तर?” वहिनींनी विचारले. हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला नव्हता, हे आप्पांच्या चेहऱ्यावरून समजत होते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही ऑशकॉशला निघालो होतो. बोटीवरचे उरलेले तास बिंगो खेळण्यात गेले. पलीकडे घड्याळ तासभर मागे घ्यावे लागते, कारण सरोवराच्या दोन काठांवर दोन वेळा आहेत. मॅनिटोवॉक हे गाव समुद्रापासून इतके दूर असून दुसऱ्या महायुद्धात तिथे अठ्ठावीस पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यानंतर दुधाचे गोठे, मक्याची शेते, चीजची दुकाने आणि दीड तासाचा मोटाररस्ता.

ऑशकॉश हे विनेबागो सरोवराकाठचे मध्यम वस्तीचे शहर. वर्षभर शांत असते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मात्र तिथे पंढरीची वारी भरते. हौशी विमानकर्त्यांची ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीजवळ सुरू केली. १९७० पासून तिचा मेळा इथेच भरतो. आठवडाभरात या परिसरात दहा हजारांवर विमाने उतरतात आणि इथला नियंत्रण-मनोरा तेवढे दिवस जगातला सर्वांत गर्दीचा होतो. इतक्या विमानांशी बोलायचे कसे? तर बोलायचेच नाही. रिपन गावाहून फिस्क गावाकडे जाणारा लोहमार्ग धरून विमानांनी एकामागून एक, अर्ध्या मैलाचे अंतर ठेवून यायचे. खाली टेकाडावर बसलेला नियंत्रक विमानाचा रंग पाहून हाक मारतो आणि पंख हलवायला सांगतो. वैमानिकाने पंख हलवले की झाली ओळख. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. सांगितलेल्या ठिपक्यावर उतरायचे. मी अर्धा दिवस कुंपणाशी बसून नुसते हेच पाहिले.

उतरले की विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकायचा आणि राहायचे. रांगाच्या रांगा. कोणी कापडाची विमाने केलेली, कोणी लाकडाची, कोणी काचतंतूंची. प्रत्येक विमानापुढे खुर्ची टाकून मालक बसलेला, आणि तुम्ही थबकलात की तो उठलाच. मला आपल्याकडचे अमोल यादव आठवले. चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधले, २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते ठेवले, आणि सरकारदरबारी नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. गच्चीवरच्या त्या माणसाला शेजारी विचारायला कोणी नव्हता. इथे चुकलेला रिव्हेट कसा काढावा हे सांगायला वीस माणसे धावतात.

विमानतळाला नाव आहे ते स्टीव्ह विटमन यांचे. शर्यतीतले वैमानिक, याच गावी राहणारे; त्यांच्या ‘टेलविंड’ विमानाचे आराखडे घेऊन आजही माणसे विमाने बांधतात. छोट्या विमानांच्या चाकांचे पोलादी पट्टीचे लवचिक पाय, जे पुढे सेस्ना कंपनीने घेतले, तेही त्यांचेच. १९९५ साली स्वतः बांधलेल्या विमानातून जाताना अलाबामात त्यांना आणि त्यांच्या पत्नीला अपघाती मरण आले. पंखावरचे कापड सुटल्याचे चौकशीत निघाले. वहिनींनी ही हकिगत संग्रहालयातल्या एका स्वयंसेवकाकडून काढली आणि परत येऊन मला सांगितली. आप्पांना नाही सांगितली. त्यांना ती ठाऊक असणारच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाचकांनी दोन परिच्छेद धीर धरावा.

छोट्या विमानांच्या जुन्या इंजिनांना चालू राहण्यासाठी बाहेरची वीज लागतच नाही. मॅग्नेटो नावाचे यंत्र फिरते आणि ठिणगीपुरती वीज आपली आपण तयार करते. बॅटरी काढून फेकली तरी इंजिन चालते. पण आता हौशी लोक मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात; इंधन वाचते, इंजिन गार असताना पटकन सुरू होते. तिला मात्र बॅटरीची वीज लागते. उंची आणि वेग दाखवणारी घड्याळेही गेली. त्यांच्या जागी पडदे आले, तेही विजेवर. म्हणजे ज्या विमानात वीज ही सोय होती, त्यात ती गरज होऊन बसली. ही वीज करणारा तो अल्टरनेटर. मोटारीतही असतो.

आप्पांचे इंजिन लायकमिंगचे, चार सिलिंडरांचे, १८० अश्वशक्तीचे. अशा इंजिनावर अल्टरनेटर पुढे, प्रॉपेलरच्या मागे असतो आणि पट्ट्यावर फिरतो. लहानपणी आपण सर्वांनी पिठाची गिरणी पाहिली आहे. मोटरीवरून जात्यावर जाणारा तो लांब पट्टा, त्याची फटक फटक, आणि तो घसरला की गिरणीवाल्याने त्याला लावलेली राळ. पट्ट्याचे गुण तेच आणि दोषही तेच. तो धक्का पोटात घालतो, आणि कधीतरी तुटतो. गिरणीत तुटला तर दळण उद्यावर जाते. विमानात तो बदलायचा तर अख्खा प्रॉपेलर उतरवावा लागतो, कारण पट्टा त्याच्या मागच्या चाकाला वेढा घालून असतो. काही धोरणी लोक जास्तीचा पट्टा आधीच आत ओवून बांधून ठेवतात.

दुसरी वाट म्हणजे इंजिनच्या पाठीकडची. तिथे दातेरी चक्रांची पेटी असते. पूर्वी विमानातली यंत्रे भोवऱ्यांवर चालत आणि ते भोवरे फिरवायला हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप या पेटीला जोडलेला असे. भोवरे गेले, पडदे आले, पंप गेला. ती बैठक रिकामी राहिली. तिथे छोटा अल्टरनेटर बसवायचा, थेट गिअरवर. पट्टा नाही, ताण पाहणे नाही, नाकावरचे वजन कमी. कॅन्सासमधल्या न्यूटन गावची बी अँड सी ही कंपनी असे ८ आणि २० अँपिअरचे अल्टरनेटर बनवत आली आहे. बहुतेक लोक तो राखीव म्हणून बसवतात. पुढचा पट्ट्याचा गेला तर मागचा आहे. आप्पांचा बेत वेगळा. पुढचा बसवायचाच नाही. मागचा हाच मुख्य आणि एकुलता एक.

“आयुष्यभर गिअर केले,” आप्पा म्हणाले. “रबराच्या पट्ट्यावर तुझ्या वहिनीला बसवू?”

यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, हे ऑशकॉशमध्ये कळायचे होते. कल्पना नवी नाही, हे पहिल्याच दिवशी समजले. ज्या सेस्ना १५० विमानावर जगातले हजारो वैमानिक शिकले, त्याच्या काँटिनेंटल इंजिनवर वीज करणारे यंत्र पाठीमागे गिअरवरच फिरते. ते विमान १९७७ पर्यंत बनत होते आणि आजही उडताना दिसते.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. छोटेसे दोन आसनी विमान, स्वतः बांधलेले, आणि अल्टरनेटर एकच, गिअरवरचा. त्यांनी इंजिनवरचे आवरण उघडून दाखवले. नंतर खिशातून बोटाएवढा पोलादी दांडा काढला. त्याच्या एका टोकाला दाते, आणि मधोमध मुद्दाम बारीक केलेली मान.

ते म्हणाले, चार सिलिंडरांचे इंजिन गोल फिरते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते एका फेऱ्यात दोन धक्के देते आणि मधे दम खाते. पट्टा हे धक्के गिळतो. गिअरचे दाते गिळत नाहीत. अल्टरनेटरच्या पोटात तांब्यालोखंडाचा जड गोळा असतो, त्याला एकसारखे फिरायचे असते. इंजिन त्याला ओढते, सोडते, ओढते. या भांडणात दांडा दमतो. आणि समजा, अल्टरनेटर अडकूनच बसला, तर? गिअर थांबणार नाही, त्याच्यामागे सारे इंजिन आहे. दात्यांचे तुकडे तेलात पडले तर खेळ आटोपला. म्हणून ही बारीक मान. मोडायचे तर इथे मोडावे. वीज जाईल, इंजिन राहील.

वहिनींनी तो दांडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. “म्हणजे हा मोडण्यासाठीच केलेला आहे,” त्या म्हणाल्या. इतका वेळ ‘गिअर मोडत नाहीत’ हे वाक्य ऐकत आलेल्या बाईच्या तोंडून ते फार सौम्यपणे आले. आप्पांनी विषय बदलला आणि तेलगळतीबद्दल विचारले. हो, बैठकीच्या सीलमधून थोडे तेल कधी कधी पाझरते, गृहस्थ म्हणाले; फडके जवळ ठेवायचे.

पण खरी अडचण त्यांनी निघताना सांगितली. पट्ट्याच्या मोठ्या आणि लहान चाकांमुळे पुढचा अल्टरनेटर प्रॉपेलरच्या तिपटीहून अधिक वेगाने फिरतो. प्रॉपेलर मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर तो आठ हजारांच्या घरात. मागची बैठक फक्त १.३ पट फिरते, म्हणजे ३१२०. वर आकाशात तेवढे पुरते. पण जमिनीवर, हजार फेऱ्यांवर इंजिन गुरगुरत असताना, तो अल्टरनेटर १३०० फेऱ्यांवर जेमतेम जागा असतो. आणि ऑशकॉशहून परत निघताना रांगेत पाऊण तास उभे राहावे लागते. सगळे दिवे, पडदे, रेडिओ चालू. तेवढा वेळ घर बॅटरीवर चालते.

त्या दुपारी तंबूतल्या एका व्याख्यानाला आम्ही गेलो. विषय विमानातली वीज. विचिटाचे रॉबर्ट नकोल्स यांचे ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे पुस्तक या लोकांत घरोघरी असते, आणि व्याख्यात्याच्या बोलण्यातही त्याच पुस्तकाची शिकवण होती. कधीच न बिघडणारा भाग शोधत बसू नका. तो बिघडल्यावर मुक्कामापर्यंत कसे जायचे ते आधी कागदावर मांडा. एकाने विचारले, पट्ट्याचा आणि गिअरचा, दोन्ही का नको? उत्तर आले : जरूर बसवा, बरेच जण बसवतात, पण दोन अल्टरनेटर बसवून जीर्ण बॅटरी ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. हशा झाला. वहिनी हसल्या नाहीत. त्या लिहून घेत होत्या.

वहिनी तीस वर्षे एका शाळेच्या कचेरीत हिशेबनीस होत्या, हे सांगायचे राहिले. रात्री तंबूत, बॅटरीच्या कंदिलाखाली त्यांनी वही काढली आणि आप्पांना एकेक खर्च सांगायला लावला. मिळकत २० अँपिअर. चौदा व्होल्टने गुणले तर २८० वॅट. आपल्या घरातले चार पंखे, फार नाही. खर्च असा : दोन पडदे मिळून तीन, रेडिओ एक, ट्रान्सपाँडर एक, स्वयंचलित सुकाणू एक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन दीड, पंखांवरचे दिवे दोन, किरकोळ एक. साडेदहा झाले.

“मग झाले की,” आप्पा म्हणाले.

“आणि ते नळी तापवायचे?”

वेग मोजण्यासाठी पंखाखाली एक नळी असते. ढगात तिच्यावर बर्फ धरतो, म्हणून ती तापवावी लागते. तेवढ्या नळीला नऊ अँपिअर. एकूण साडेएकोणीस. महिनाअखेर अर्धा रुपया शिल्लक, आणि रांगेत उभे राहून रिकामी झालेली बॅटरी भरायची आहे ती निराळीच.

वहिनींनी नळीवर काट मारली. आप्पा काही वेळ बोलले नाहीत. ढगातून उडण्याचा परवाना त्यांनी बासष्टाव्या वर्षी, दोनदा परीक्षा देऊन मिळवला होता. पट्ट्याचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर बसवला असता तर नळी राहिली असती, ढगही राहिले असते. गिअर हवा असेल तर ढग सोडायचे. दोन्ही एका वहीत बसत नव्हते. मला मनातून वाटत होते की त्यांनी पट्टा घ्यावा. पण भावजय-भावाच्या हिशेबात धाकट्या दिराने बोलू नये.

“सोडले,” आप्पा म्हणाले. “या वयात ढगात जाऊन पाहायचे काय आहे?”

मग दुसरे पान. अल्टरनेटर गेला असे धरून. एक पडदा, रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि इग्निशन एवढेच चालू ठेवायचे, पाच अँपिअर. नवी बॅटरी एवढ्यावर अडीच तास काढील. जुनी झाली की निम्मे धरायचे. दर वर्षी ती प्रत्यक्ष रिकामी करून, घड्याळ लावून मोजायची. दोन वर्षांनी बदलायची, चांगली असली तरी. व्होल्ट उतरले की डोळ्यांसमोर पिवळा दिवा लागला पाहिजे, कारण अल्टरनेटर मरताना आवाज करत नाही. आणि दोन इग्निशनपैकी एक जुना मॅग्नेटोच राहील. हे शेवटचे कलम वहिनींचे. बॅटरीसुद्धा मेली तरी इंजिन चालेल असे एक तरी यंत्र विमानात हवे. आप्पांनी कबूल केले. ते दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक बसवणार होते.

मी पान हातात घेऊन पाहिले. सरोवरावरची सात मिनिटे त्यात कुठेच नव्हती. अल्टरनेटर त्या सात मिनिटांत गेला काय किंवा राहिला काय, बॅटरी त्यांना विसाव्या तरी वाट्याने पुरून उरत होती. बोटीवरच्या प्रश्नाचे उत्तर गिअरने दिलेच नव्हते. एका सात किलोच्या बॅटरीने आणि एका जुन्या मॅग्नेटोने दिले होते. मात्र इंजिन दुसऱ्याच कशाने बंद पडले, इंधनाने, तेलाने, तर ती सात मिनिटे जशीच्या तशी शिल्लक होती. हे वहिनींच्याही ध्यानात आले असावे, कारण त्यांनी वही मिटली नाही.

“पहिले चाळीस तास तुम्ही एकटेच उडवणार ना?” त्यांनी विचारले. नव्या विमानाला चाचणीचे तास ठरलेले असतात आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही.

“इंजिन नवे प्रमाणित असले तर पंचवीसच.”

“चाळीस. मग मी बसेन. आणि ऑशकॉशला यायचे ते शिकागोवरून, काठाकाठाने.”

“दीड तास जास्त लागतो.”

“लागू दे.”

दुसऱ्या दिवशी दुकानांच्या मंडपात जाऊन आप्पांनी अल्टरनेटर घेतला. वजनाला अडीच-तीन किलो, मोठ्या पपनसाएवढा. विक्रेत्याने तो खोक्यात घालायच्या आधी वहिनींनी दाताच्या टोकाचा दांडा आणखी एक मागून घेतला, किंमत विचारली, आणि दोन्ही पावत्या वहीत त्या काट मारलेल्या पानावर लावून ठेवल्या.